अंधार पडेपर्यंतची बाई

या अंकाचे संपादक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "अंजिराबाई, सिनेमाच्या गाडीवर तुम्ही मुलांचा कार्यक्रम करत होता, त्यावर लिहा. त्याआधीचं ओझरतं आलं तरी चालेल." माणूस भला आहे, म्हणून मी तोंडावर काही बोलले नाही. पण ओझरतं म्हणजे काय हो? दुधाचे दात पडायच्या आधी मी तमाशाच्या फडात उभी राहिले आणि तिशी उलटेपर्यंत गायले. गाडीवर जे केलं ते सगळं त्याच शिदोरीवर. तेव्हा ओझरतं काही येणार नाही, जे आहे ते ठळक येईल. ज्यांना खपत नसेल त्यांच्यासाठी याच अंकात पुढे पाककृती असतीलच, त्या वाचाव्यात.

माझं नाव अंजिरा मढकर. आई मढ गावची, म्हणून फडमालकाने मढकर लावलं. पन्नास सालच्या आगेमागे जुन्नर-आंबेगावात हे नाव कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. सिनेमाच्या चाली तेव्हा तमाशात घुसू लागल्या होत्या. त्या चालींवर आमच्या फडातल्या शाहिराने बांधलेली गाणी मी म्हणत असे आणि लोक ती घरी घेऊन जात. आळेफाट्याच्या हॉटेलात कपबश्या विसळताना, मोटेवर बैल हाकताना माझीच गाणी. चांगल्या घरच्या बायकांनाही ती पाठ असत. चांगल्या घरच्या म्हणते, कारण त्याच मला तसं सांगत. एकदा ओढ्यावर एकजण म्हणाली, "आमी चांगल्या घरच्या गं, आमाला तमाशाला येता येत न्हाई. पर तुजं गाणं समदं येतं." मी म्हटलं, "मग म्हण की." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पूर्ण गाणं म्हटलं. गळा बरा होता तिचा.

फडात बाई तिशीला आली की म्हातारी होते. मालकाने नवी मुलगी आणली आणि मला मागे झील धरायला उभं केलं. झील धरायची म्हणजे पुढची गाते तिची शेवटची ओळ मागून उचलून लांबवायची. एक हंगाम मी ते केलं, मग पायातले चाळ सोडून मालकाच्या पेटीवर ठेवले. तो म्हणाला, "जाशील कुटं? तुला दुसरं येतं काय?" त्या प्रश्नाचा मला अजून राग येतो, कारण तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता गाडीचं सांगते, कारण आजच्या वाचकांनी ती पाहिलेली नसणार. गाडी सरकारची. तीत सिनेमाचं मशीन, जनरेटर, कर्णा आणि गुंडाळलेला पांढरा पडदा. गावोगाव जाऊन फुकट सिनेमे दाखवायचे: विहिरीत औषध कसं टाकावं, हिवताप कशाने होतो, जपानी पद्धतीने भात कसा लावावा. गाडीचे मुख्य परचुरे साहेब, पुण्याचे, सभ्य आणि भित्रे. मशीन चालवणारे करीमभाई जुन्नरचे, त्यांचं घराणं कागद बनवणाऱ्यांचं. करीमभाईंचे हात असे हलके की त्यांनी जोडलेली तुटकी फिल्म कुठे जोडली ते पडद्यावर कधी कळलं नाही.

या धंद्यातली खरी अडचण सिनेमा नव्हती, ऊन होतं. पडद्यावर काही दिसायचं तर अंधार हवा आणि गाडी तर दुपारीच गावात येणार, कारण पडदा बांधायचा, वायरी टाकायच्या. गाडी आली की गावातली झाडून सारी पोरं तिथे. त्यांना अंधारापर्यंत धीर धरा म्हणून कोण सांगणार? ती वायरी ओढत, पडद्याखालून पळत, जनरेटरवर खडे टाकत. मोठी माणसं गुरं बांधून, जेवून येईपर्यंत पडदा फाटलेला असे. एका गावात तर पोरांनी कर्णाच झाडावरून उतरवून त्यात पाणी भरलं होतं.

फड सोडल्यानंतर मी नारायणगावात बहिणीकडे पडून होते. गाडी बाजारतळावर आली आणि गोंगाट ऐकून मीही गेले. करीमभाई पडद्याचा एक कोपरा धरून ओरडत होते, "अरे बाबांनो, फाटेगा! साहब मेरी खाल निकालेंगे!" साहेब माईकवरून 'शांत राहा, शांत राहा' म्हणत होते आणि जेवढं म्हणत होते तेवढी पोरं चेकाळत होती. मला ते बघवेना. बारीची, म्हणजे खेळ रंगायची जागा, समोर एवढी माणसं आणि गाणारं कोणी नाही. मी पुढे झाले, साहेबांच्या हातातून माईक घेतला. मागितला नाही, घेतला.

पोरांना गप्प करायचं तर मोठ्याने बोलायचं नसतं. मी माईक तोंडाशी धरला आणि अगदी हळू म्हटलं, "जो पहिला खाली बसंल, त्यालाच मी एक गोष्ट इचारणार हाय. बाकीच्यांनी ऐकू नये." ऐकू नये म्हटल्यावर सगळी बसली. मग मी सवाल टाकला. तमाशात सवाल-जवाब असतो, दोन बाजू एकमेकींना गाण्यातून कोडं घालतात आणि उत्तर आलं नाही तर हार. मी तिथेच उभ्या उभ्या जुळवलं:

"घर इवलं, दार न्हाई,
आत भावंडं, भांडण न्हाई,
फोडल्याबिगर भेट न्हाई!"

"शेंग! भुईमुगाची शेंग!" एवढा मोठा जवाब मला कोणत्याही यात्रेत मिळाला नव्हता. अंधार पडला ते आम्हाला कळलंच नाही. करीमभाईंनी मशीन सुरू केलं तेव्हा पोरं म्हणाली, "थांबा की, आजून एक!" परचुरे साहेबांनी मला त्याच आठवड्यात रोजावर घेतलं.

अशी मी मुलांची बाई झाले. आता टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात छान छान ताया येतात, मागे रंगीत फुगे असतात. माझ्यामागे कोरा पडदा असे, त्याच्यापुढे मी नेसूच्या लुगड्यात, आणि अंधार पडला की बाजूला व्हायचं. गावातले लोक मला 'अंधार पडेपर्यंतची बाई' म्हणत. मी ते नाव आनंदाने वागवलं.

काम कसं करायचे तेही सांगते. फडासारखाच आधी गण, म्हणजे देवाला हाक. मग एखादं सोंग: आळशी माशी आणि तिच्या मागे लागलेला आजोबा, दोन्ही मीच. मग सवाल-जवाब. पुढे बसलेल्या शहाण्या मुलांकडे बघून गायचं नाही, ती बसलेलीच असतात. मागे भिंतीवर चढून दगड हातात घेतलेलं जे पोरगं असतं, सगळा कार्यक्रम त्याच्यासाठी करायचा. आणि माझा एक नियम होता. जवाब दिला की पुढे यायचं आणि कर्ण्यातून नाव सांगायचं: स्वतःचं, बापाचं, गावाचं. नाव नाही तर जवाब धरला जाणार नाही. घरात दिवसभर 'ए पोरी' ऐकणारी मुलगी आपलं नाव वेशीपर्यंत गेलेलं ऐकते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघावं. मुली आधी पदर नाहीतर फ्रॉक चावत, मग हळूच सांगत, आणि मग दुसऱ्यांदा सांगायला माईक मागत.

लोणीला जे झालं त्यावरून पुढचं सगळं घडलं. तिथली पोरं हुशार, सवाल पडायचा अवकाश की जवाब तयार. एक चिमुरडी पुढे आली, नाव सांगितलं, आणि जाताना तिने ओंजळभर शेंगा माझ्या पायाशी ठेवल्या. वर हात नाचवत म्हणाली, "आमच्या आजीच्या नावानं व्हऊन जाऊ द्या, बाई!" तिने बापाच्या खांद्यावर बसून तमाशा पाहिला असणार. तमाशात रसिक खूश झाला की पैसे देतो, ती दौलतजादा. मग बाई त्याचं नाव गाण्यात गुंफून सलाम करते. माझ्या हाडात भिनलेली रीत. मी विचार केला नाही. कमरेत वाकून सलाम केला आणि तिच्या आजीचं नाव ओळीत बसवून गायले.

झालं! सगळी पोरं पळाली आणि जे हाताला लागेल ते घेऊन आली. चिंचा, बोरं, गोट्या, कांद्याची पात, एकाने तर शेरडाचं करडू आणून माझ्यापुढे उभं केलं. "आमच्या करडाच्या नावानं!" मी करडाच्या नावानंही गायले. करीमभाई पडद्यामागे हसून हसून खाली बसले. खाण्याचा जिन्नस सगळ्यांत वाटला, गोट्या परत केल्या, करडूही परत केलं. माझ्या आयुष्यात पुष्कळ दौलतजादा झाली, फेट्यावाल्यांनी केली, मोटारवाल्यांनी केली. त्यांना सलाम करताना माझी मान वाकायची, एवढंच. त्या दिवशी मी मनापासून वाकले.

तिथे बाबूराव आलेले होते. लोणीच्या पुढच्या एका गावचे सरपंच, सासुरवाडीला पाहुणे म्हणून. गावाचं नाव सांगत नाही, तिथली आताची माणसं मला चांगली वागवतात. बाबूरावांनी तालुक्याला जाऊन तक्रार केली की सरकारी गाडीवर तमाशातली बाई पोरांना दौलतजादा शिकवते. मला मेळ बसत नव्हता तो इथेच. बाबूराव दर यात्रेला आमच्या कनातीत असत, ते मला ओळखत होते आणि मी त्यांना.

साहेब घाबरले. बाबूरावांना भेटायला गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "अंजिराबाई, त्यांनी तोड काढली आहे. त्यांच्याच गावात कार्यक्रम करायचा. सोज्वळ. तो त्यांना पटला तर तक्रार मागे घेतील, नाहीतर वर पाठवतील. वर गेली तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

"सोज्वळच असतो की. अडचण काय?"

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "फक्त नाव घ्यायचं नाही. मढकर म्हटलं की लोकांना कळतं. तुम्ही आपल्या 'ताई'. कुठल्या, तर पुण्याच्या. फडाचा विषय नको. मी तुमच्या वतीने हो म्हणालो आहे."

माझ्या वतीने! करीमभाई फिल्म गुंडाळत होते, ते हळूच म्हणाले, "बहन, दोन तासांचा सवाल आहे. 'ताई' बोलून टाक. नोकरी राहील." त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या घरात खाणारी तोंडं पुष्कळ आणि साहेबांची नाराजी म्हणजे काय हे त्यांना माहीत. मलाही ती गाडी हवी होती. नुसती पोटासाठी नव्हे. फडात पुन्हा जाणार नव्हते आणि मुलांपुढे उभं राहायची चटक लागली होती. ती सुटली तर मी संपले, असं मला खरोखर वाटत होतं. मी म्हटलं, "बरं." 'ताई' तर 'ताई'.

गावात गेलो. शाळेपुढचं पटांगण, चारी बाजूंनी घरं. पोरं गच्च बसलेली, कडेला बाबूराव आणि आणखी चारदोन फेटे, परीक्षा घ्यायला आल्यासारखे. साहेबांनी मला "पुण्याच्या ताई" म्हणून पुढे केलं. गण झाला, माशीचं सोंग झालं, फेट्यांपैकी एकजण हसला आणि बाबूरावांनी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प झाला. पहिला सवाल टाकला. काखेत धाकटा भाऊ घेतलेली एक मुलगी जवाब घेऊन पुढे आली. मी नेहमीसारखं म्हटलं, "नाव सांगितल्याबिगर जवाब धरायची न्हाई मी."

तिने सांगितलं. नाव सुमन, आडनाव बाबूरावांचं. त्यांची नात. सांगून झाल्यावर माईक सोडीना. मान वर करून म्हणाली, "आन् तुमचं?"

"ताई."

"ताई हे काय नाव हाय व्हय? समद्यांच्याच ताया असत्यात. पुरं सांगा, बापाचं, गावाचं. न्हायतर आमी बी सवाल धरायचो न्हाई."

पोरं ओरडायला लागली, "पुरं नाव! पुरं नाव!" साहेब हाताने नको नको करत होते. आता तुम्हीच सांगा. गावोगाव पोरांना मी शिकवलं की नाव सांगितल्याशिवाय जवाबाला किंमत नाही, आणि माझ्यावर पाळी आली तर लपवू? बापाचं नाव मला नाही. ते मी कर्ण्यातून सांगितलं. म्हटलं, "बाप म्हाईत न्हाई. आई मढची. मी अंजिरा मढकर, तमाशातली. यात्रंत गायची, आता तुमच्यासाठी गाती."

पोरांना त्यात काही वाटलं नव्हतं, ती पुढच्या सवालाची वाट पाहत होती. पण बाबूराव उठले. "पोरांनो, घरी! उठा समदी! बघतो कोण बसतंय!" सुमनला त्यांनी दंडाला धरून नेलं. आया धावत आल्या. बघता बघता पटांगण मोकळं झालं आणि चारी बाजूंनी दारं लागली. ऊन अजून शाळेच्या कौलांवर होतं. साहेब म्हणाले, "बाई, काय केलंत हे! करीमभाई, आवरा."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? गाडी गेली, मुलं गेली. पण रडू आलं की माझं डोकं फिरतं, हा माझा जन्माचा स्वभाव. करीमभाई माईकची वायर काढायला आले, तर मी म्हटलं, "वायर ऱ्हाऊ द्या. कर्णा तेवढा घरांकडं फिरवा." त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही. झाडावर चढले आणि कर्णा फिरवला.

मोकळ्या पटांगणात उभी राहून मी सवाल टाकला:

"उपाशी जाते खाली,
पोट फुगवून येते वर,
समदं ओतून देते
आन् रडत जाते घर!"

कोणी नाही. कुत्रं भुंकलं. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, तर कुठल्यातरी माळ्यावरून बारीक आवाज आला, "मोट!" पाठोपाठ डावीकडच्या घरातून, "मोट! मोट हाय ती!" मग आतल्या बाईचा दबका आवाज आणि पाठीत धपाटा. मी म्हटलं, "धपाटा नगं मावशी, जवाब बरोबर हाय! नाव?" बंद दाराआडून पोराने पूर्ण नाव सांगितलं. बापाचं, गावाचं.

मग मी दम घेतला नाही. सवालामागून सवाल. भिंतींतून, झरोक्यांतून, कौलांखालून जवाब येत होते. साहेब गाडीला टेकून उभे होते, आवरायचं विसरले. ऊन कौलांवरून गेलं आणि मी शेवटचा सवाल घातला, जागेवरच सुचलेला:

"दिवसा लोंबती,
राती मिठी मारती,
हात न्हाईत तरी
दार धरती!
कुनाला दिसतिया का ती, आत्ता, डोळ्यांम्होरं?"

सगळ्या घरांतून एकदम आवाज आला, "कडी!"

"मंग बघताय काय? काढा की!"

पहिली कडी बाबूरावांच्या घराची निघाली. सुमन भावाला काखेत मारून धावत सुटली, मग दुसरं दार, मग तिसरं, आणि पोरं पटांगणात कोसळली. मोठ्यांना आवरेनात. त्यांच्या मागून बायका आल्या, पदर तोंडाला लावून, हसू लपवत.

बाबूराव सर्वांत शेवटी आले. फेटा नव्हता, बोडके. माझ्यापाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "अंजिरा, झालं ते झालं. तक्रार मी बघतो. पर ते तमाशाचं पुन्यांदा काढू नगंस. माझी नात हाय म्होरं." आणि सवयीने पुढच्या रांगेच्या मधोमध बसायला खाली वाकले. आमच्या कनातीत ती जागा नेहमी त्यांची असे.

मी माईक तोंडापाशी धरला. कर्णा घरांकडे होता, सगळ्या गावाला ऐकू गेलं असेल.

"बाबूराव, ह्यो अंजिरा मढकरचा पोरांचा तमाशा हाय. हितं म्होरं पोरं बसत्यात. तुमी मागं जावा."